बिमाच्या खोलीतला नवरदेव

१

रविवारी दुपारी कोन गावाची लाईट गेली. त्यात नवल काही नव्हतं. दोन हजार सहाच्या त्या मे महिन्यात भिवंडीकडची लाईट रोज जेवणं आटोपली की जायची आणि स्वतःच्या मर्जीनं यायची. कल्याण रोडला लागून असलेल्या काळूराम पाटलांच्या कापडाच्या कारखान्यातले सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, एका दमात गप्प झाले. मागच्या भिंतीला टेकून पंढरीची चहाची टपरी होती. पंढरी गाळणी धूत होता, तेवढ्यात भिंतीच्या आतून कोणीतरी लाथा मारायला लागलं. पाठोपाठ हाक आली, "दार उघडा!"

थोड्याच वेळात फौजदार रामनाथ मोकल जीपमधून उतरले. उन्हानं आणि पित्तानं त्यांचं तोंड आधीच कडू झालं होतं. पेण सोडून इथं आल्यापासून त्यांनी बदलीसाठी वरच्या साहेबांच्या इतक्या विनवण्या केल्या होत्या की हल्ली साहेबच त्यांना पाहून वाट बदलायचे.

भिंतीमागे बिमाची खोली होती. ताण्याचं सूत ज्या जाड रुळावर गुंडाळून लूमवर चढवतात तो बीम. असे भरलेले बीम तिथं ठेवत. खोलीला दार एकच, तेही लूमच्या शेडमध्ये उघडणारं, आणि त्याला बाहेरून कुलूप. हवालदारानं पहार घालून ते तोडलं.

दोन बिमांच्या मध्ये, हात पाठीमागे बांधलेला, हळदीनं पिवळाधमक झालेला एक तरुण बसला होता.

"आयला!" पंढरी ओरडला. "ह्यो तं आपला कुणाल!"

काळूराम पाटलांचा एकुलता एक मुलगा कुणाल बुधवारी दिवेलागणीला, अंगाला हळद लागल्या लागल्या, भरल्या मांडवातून नाहीसा झाला होता. गुरुवारी दुपारचा मुहूर्त टळला. नवरी मुंडावळ्या बांधून बसून राहिली. मोकलांनी खाडीपासून पडघ्यापर्यंत सगळा मुलूख पालथा घातला, आणि पोरगा होता कुठं, तर बापाच्याच कारखान्यात! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

हवालदार त्याला उचलायला वाकला आणि 'आई गं' करून मागे सरला. कुणालच्या कमरेला खोचलेली सुरी हवालदाराच्या मनगटात घुसली होती. सुरीच्या पात्यावर मागे सरकलेलं लिंबू होतं, वाळून सुपारीएवढं झालेलं.

"कोणी कोंडलं तुला?" दोरी कापून झाल्यावर मोकलांनी विचारलं.

कुणाल सावकाश पाणी प्यायला. "माहीत नाही. मागून डोक्यावर गोणपाट टाकलं. चेहरा दिसला नाही. आणि साहेब, मला तक्रार करायची नाही."

"तक्रार करायची नाही? लग्नातून पळवून डांबला तुला, आणि तक्रार नाही?"

"नाही."

पोरानं आईची चौकशी केली नाही, नवरीचं नाव काढलं नाही. जीपमध्ये बसताना त्यानं एकच प्रश्न विचारला, तोही मान वळवून, सहज विचारल्यासारखा.

"आज शेडमध्ये ड्युटीला कोण कोण आहे?"

२

वडपे गावातल्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून काळूराम पाटलांच्या गळ्यातली साखळी दरसाल जाड होत होती. सोमवारी सकाळी मोकल त्यांच्या अंगणात गेले तेव्हा मांडव तसाच उभा होता. आंब्याची पानं कुरकुरीत वाळली होती आणि ती काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"ह्ये काम माझे चुलतभावाचं, केसरीनाथचं," काळूराम म्हणाले. "वडप्याच्या जागंत त्याला हिस्सा पायजे. लगीन मोडून माझी इज्जत घालवली त्यानं."

आतून कुणालची आई सीताबाई आली. तिचं दुखणं वेगळंच होतं. "साहेब, पोराची हळद उतरली न्हाय अजून. लगीन लागल्याबगर हळद उतरत न्हाय. आनि हळद हाय तवर कमरंचं लोखंड काढाचं नसतं, न्हायतर बाहेरचं लागतं. काय करू मी?"

मोकलांना हा रिवाज सांगायची गरज नव्हती. पेणला त्यांच्या स्वतःच्या हळदीत आईनं अशीच सुरी त्यांच्या कमरेला खोचली होती, ती झोपेत मांडीला लागली होती, आणि तरीही ती काढायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

केसरीनाथ समोरच्याच घरात राहायचा. तो ओटीवर आंबा चोखत बसला होता, आणि भावाच्या घरावरचं संकट त्याला त्या आंब्याइतकंच गोड लागत असावं.

"मी कोंडला? अवो साहेब, मना कोंडाचा असता तं वडप्याला गोदामं काय कमी हायत? त्याच्या बापाच्या कारखान्यात कशाला ठेवू? आनि कोंडला असता तं पयली त्याच्या कमरंची सुरी काढली असती. हळद लागलेल्या नवऱ्यापाशी सुरी असतेय, ह्ये शेंबड्या पोराला बी ठाव हाय."

मोकल तोंड उघडून काही बोलणार होते, ते तसेच थांबले. इतके दिवस कोंडून ठेवलेल्या माणसाच्या कमरेला धारदार सुरी होती. कोंडणाऱ्यानं ती काढली नव्हती, आणि कोंडलेल्यानं ती वापरली नव्हती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ठाण्यातून हवालदार बोलत होता. "साहेब, लवकर या. गुन्हेगार स्वतःहून हजर झालाय."

३

गुन्हेगार बाकावर बसायला तयार नव्हता. चिंधू शेलार, कारखान्याचा राखणदार, मूळचा पडघ्याकडच्या एका खेड्यातला, वयानं साठीचा. तो भिंतीशी उकिडवा बसला होता.

"मीच कोंडला, साहेब. पैशापायी."

"पैसे कोणाकडे मागितलेस?"

"मागनार हुतो. मागाचं ऱ्हायलं."

"खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्यापाशी. माझ्याच करगोट्याला. दुसऱ्या कोनाकडं नसतेय." हे त्यानं न विचारता पुन्हा सांगितलं.

"त्याच्याकडे सुरी होती. तिचं काय केलंस?"

म्हातारा गडबडला. "ती... ती पयलीच काढून घेतली की. खाडीत फेकली."

समोर हवालदार मनगटाला पट्टी बांधून उभा होता. त्यानं मोकलांकडे पाहिलं, मोकलांनी छताकडे पाहिलं. छताचा पंखा बंद होता.

मोकलांनी काळूरामांना फोन लावला. "पाटील, बुधवारी संध्याकाळी चिंधू कुठं होता?"

"मांडवात पानी भरत होता. मीच बोलावलेला. का?"

"मग कुणालला त्याच वेळी कारखान्यात कोणी कोंडलं?"

 मग काळूराम म्हणाले, "असंल नसंल मांडवात. लक्षात न्हाय माझे. त्यानं कबूल केलं ना? मंग उद्या कोर्टात उभा करा नि मिटवा."

मोकलांनी फोन टेबलावर आपटला. आतापर्यंतच्या नोकरीत सुटण्यासाठी खोटं बोलणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते. आत जाण्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच, आणि त्याला आत घालायची घाई झालेला पाटील त्याहून वरचढ. उद्या सकाळी कोर्टात हा म्हातारा हेच बोलला की संपलं. अपहरणाच्या गुन्ह्यात त्याची हाडं तुरुंगातच जायची, आणि मोकलांच्या सहीनं जायची.

"ह्याच्या घरी कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"बायको रंगूबाई, त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते," हवालदार म्हणाला. "आणि मुलगा एकच, सागर. तिथंच लूमचा मिस्त्री आहे."

भिंतीशी बसलेल्या चिंधूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

४

म्हातारा मुलाला वाचवतोय, म्हणजे आता सागरच्या मुसक्या बांधायच्या की झालं, असं हवालदाराचं मत पडलं. पण मोकलांच्या घशाखाली ते उतरेना. पैशासाठी कोंडणारा माणूस पैसे मागितल्याशिवाय राहतो का? आणि सुरी?

ते जीपकडे निघाले तेव्हा ठाण्याच्या दारात एक मुलगी उभी होती. तिच्या मागे तिचे वडील मान खाली घालून उभे होते. ती क्षितिजा, गुरुवारी मुंडावळ्या बांधून बसून राहिलेली.

"साहेब, मला पांढऱ्या पायाची म्हणतात," ती म्हणाली. रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता. "माझ्यामुळं त्याच्यावर संकट आलं म्हणतात. आता चिंधूकाकाला धरलं, उद्या मिटवून टाकाल. पण काल मी त्याला बघायला गेलते. हे बघा."

तिनं मनगट पुढं केलं. हळद होती, पण काळपट, कुठं कुठं निघून गेलेली.

"माझी पण बुधवारचीच हळद. आई अंघोळ करून उतरवू देत नाही. घामानं बघा काय झालंय तिचं. आणि त्याचा गळा बघितला का तुम्ही? कालच लावल्यासारखा पिवळा. कोंडलेल्या माणसाला हळद कोण लावतं?"

मोकलांनी तो गळा पाहिला होता. पिवळाधमक, असं त्यांच्या मनातही आलं होतं, आणि ते तिथंच सोडून ते पुढं गेले होते. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं.

तिथून ते थेट पंढरीच्या टपरीवर गेले. "पंढरी, लाईट रोज जाते. रविवारच्या आधी कधी त्या भिंतीतून हाक, लाथ, काही ऐकलंस?"

"न्हाय, साहेब."

"शुक्रवारी?" शुक्रवार म्हणजे लूमच्या सुट्टीचा दिवस, त्या दिवशी उंदीर पळाला तरी ऐकू येतो.

पंढरीनं डोकं खाजवलं. "सुक्रवारी... हाक न्हाय. पर कोनी तरी धवला म्हनत होता."

"धवला?" धवला म्हणजे लग्नातली गाणी, आणि ती म्हणायची बायकांनीच.

"त्येच तं सांगतो. बाप्याचा आवाज. शबूद येत नव्हते त्याला, मधीच अडकायचा. आनि दुसरा एक हसत होता. मना वाटलं, पोरं बसली असतील पत्ते खेळत."

मोकलांनी समोर ठेवलेला चहा तसाच सोडला आणि कुणालला आणायला जीप पाठवली.

५

शेडमध्ये लूम जोरात चालले होते. मोकलांनी हवालदाराच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलेलंही त्याला कळलं नाही. शेवटी त्यांनी बोट दाखवलं आणि कुणालला पुढं घेऊन ते बिमाच्या खोलीच्या दाराशी गेले.

येताना जीपमध्ये त्यांनी कुणालला विचारलं होतं, तू ह्या शेडमध्ये येत जात होतास का? "छे," तो म्हणाला होता. "आवाजानं डोकं उठतं माझं. कारखान्याचा हिशोबसुद्धा बाबाच बघतात."

मोकलांनी दार आतून नीट पाहिलं. काल घाईत राहून गेलं होतं. कडीच्या बाजूचं लाकूड सुरीच्या टोकानं कोरून काढलेलं होतं, एवढं खोल की पलीकडचा उजेड दिसायचा तेवढा बाकी होता. अजून थोडा वेळ कोरलं असतं तर कडी हातात आली असती. खाली लाकडाचा भुसा तसाच पडला होता. म्हणजे पोरगा खरोखरच कोंडला गेला होता, आणि जिवाच्या आकांतानं सुटायला बघत होता. आणि मग, सुटका हाताशी आल्यावर, त्यानं कोरणं थांबवलं होतं.

मोकल वळले. कुणाल दारात उभा होता, पण त्याचं लक्ष खोलीत नव्हतं. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्रीसनं काळा झालेला एक उंच तरुण एका लूमवर वाकला होता. तो सरळ उभा राहिला. त्याचे ओठ हलले. हात हलला नाही, आवाज तर येणं शक्यच नव्हतं, नुसते ओठ. आणि ह्या टोकाला कुणालनं घाईघाईनं मान हलवली, नाही, नाही.

लूमवरची माणसं अशीच बोलतात. सगळा जन्म आवाजात गेलेला. तिथं ओठ वाचूनच एकमेकांची सुखदुःखं कळतात. पण ती विद्या एका दिवसात येत नाही. कोणाच्या तरी तोंडाकडे महिनोन्‌महिने बघत बसावं लागतं. ज्याचं आवाजानं डोकं उठतं, त्या मालकाच्या मुलाला ती कुठून आली?

जवळच रंगूबाई कांड्या भरत बसली होती. तिनंही ते ओठ पाहिले होते. मोकलांनी तिला खुणेनं दाराबाहेर घेतलं. "तुझा मुलगा काय म्हणाला आत्ता?"

"पानी पायजे का इचारलं, साहेब," ती म्हणाली आणि पदराच्या टोकाला गाठी मारत राहिली.

"बाई, तुझा नवरा उद्या तुरुंगात जातोय."

"ठाव हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली. पण दुसरं अक्षर बोलली नाही.

मोकलांना वाटलं, ह्या गावात खऱ्याला गिऱ्हाईकच नाही. म्हातारा मुलासाठी खोटं बोलतोय, बाई मुलासाठी, पाटील इज्जतीसाठी, आणि ज्याला कोंडलं तो कोंडणाऱ्यासाठी. खरं काय ते शोधायची हौस फक्त त्यांनाच, आणि तीही बदली होत नाही म्हणून!

तेवढ्यात लाईट गेली. सगळे लूम थांबले. त्या अचानक पडलेल्या शांततेत सागर त्या टोकाला, कुणाल ह्या टोकाला, दोघंही नागव्यानं पकडले गेल्यासारखे उभे राहिले.

६

कामगारांना मोकलांनी चहाला पिटाळलं आणि दोघांना बिमाच्या खोलीत घेतलं.

"आता लूम बंद आहेत," ते म्हणाले. "आता ओठ नुसते हलवून चालायचं नाही. मी सांगतो, चुकलं तर बोला."



"कुणाल, बुधवारी तू स्वतःच्या पायांनी इथं आलास, ह्याचा निरोप घ्यायला. किल्ली ह्याच्याकडे होती, कारण बाप मांडवात पाणी भरत होता. ह्यानं तुला आत घेतलं आणि बाहेरून कुलूप घातलं. तू रात्रभर कडी कोरलीस. दाराचं लाकूड खोटं बोलत नाही. पण तुझी सुरी ह्यानं काढली नाही. वैऱ्यानं आधी तीच काढली असती. तुला बाहेरचं काही लागू नये, ही काळजी कोंडणाऱ्याला होती."

सागरनं खाली बघितलं.

"गुरुवारी दुपारी मुहूर्त टळला. त्याच दुपारी लाईट गेली, लूम थांबले. तू ओरडला असतास तर पंढरीनं ऐकलं असतं. तू ओरडला नाहीस, कारण तोवर दार उघडलं होतं. शुक्रवारी सगळा कारखाना बंद, आणि इथं एक पुरुष धवला म्हणत होता आणि दुसरा हसत होता. कोणीतरी तुला नव्यानं हळद लावली. पुढं घरी कसं जायचं, म्हणून रविवारी दोरी आली. दोरी बांधताना सुरी काढायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कारण हळद लागलेल्या माणसाचं लोखंड काढायचं नसतं, हे तुमच्या हाडात भिनलंय. माझ्याही भिनलंय, म्हणून मलाही एक दिवस उशीर झाला."

 मग सागर बोलला. बापासारखाच भरड आवाज होता.

"कुलूप मी घातलं. मी बोललो, मुहूर्त टळेपर्यंतच. तो दारावर बुक्के मारत होता. लूम चालू होते, ऐकू काही येत नव्हतं. पण मी दाराला पाठ लावून बसलो होतो, साहेब. प्रत्येक बुक्का पाठीला कळत होता. तरी मी उठलो नाही. ते अजून कळतंय मला."

"आणि दोरी माझी कल्पना," कुणाल म्हणाला. "कुलूप नवीन आणायचं ठरलं होतं. घाईत हातून रोजचंच लागलं, काकांकडे किल्ली असते ते. चिंधूकाकावर येईल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. काका हजर झाले, हे कळल्यापासून सागर सांगतो सांगतो करतोय. मीच नाही म्हणत होतो."

"दार उघडल्यावर का गेला नाहीस?"

कुणालनं जरा विचार केला. "मी त्याच्या तोंडात मारली. तो बाजूला सरला, वाट सोडून उभा राहिला. म्हणाला, जा, पोलीस घेऊन ये, मी इथंच बसतो. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. आणि मुहूर्त टळला, लग्न टळलं, म्हणून मला इतकं हलकं वाटलं की पायच पुढं पडेना. त्याची मला लाज वाटते, साहेब. क्षितिजाची जास्त वाटते."

"ह्याला माफ केलंस?"

"अजून नाही," कुणाल म्हणाला. सागरनं मान डोलावली, जणू त्याला तेच उत्तर हवं होतं. "चार वर्षं आम्ही ह्या शेडमध्ये बोललो. शंभर माणसांत, समोरासमोर, आणि कोणाला ऐकू गेलं नाही. आम्हाला वाटलं, सगळा जन्म तसाच जाईल."

मोकलांना काय वाटावं हेच कळेना. तुमच्यासारख्यांसाठी कायद्यात एक वेगळं कलम आहे, ते त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळून टाकलं. ह्या खटल्यात तेवढाच एक घास त्यांना सुखानं गिळता आला.

"माझ्या लॉकअपमध्ये एक निरपराध म्हातारा आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी तो कोर्टात जाणार. त्याआधी कोणीतरी तोंड उघडा, आणि आवाज काढून."

कुणाल उठला. "बाबांकडे चला."

७

अंगणात क्षितिजाचे वडील आणि काळूराम समोरासमोर बसले होते. मोडलेलं लग्न पुन्हा जुळवायच्या गोष्टी चालल्या होत्या. केसरीनाथ आपल्या ओटीवरून कान लावून होता. कुणाल मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि लूम चालू असल्यासारखा मोठ्यानं बोलला.

"मला कोणी पळवलं नाही. मीच पळालो. चिंधूकाकांनी काही केलं नाही. माझं सागरवर प्रेम आहे. क्षितिजा, तुझा पाय पांढरा नाही. दोष माझा आहे."

क्षितिजा खांबाला धरून उभी होती. "हे बुधवारी सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मला हळद लागायच्या आधी." आणि वडिलांचा हात धरून ती निघून गेली. त्या एका वाक्यापुढं कुणालची मान जी खाली गेली ती वर आली नाही.

काळूराम ओरडले नाहीत. "ह्ये ठाव होतं मना," ते इतकं हळू बोलले की मोकलांनाच ऐकू गेलं. मग आवाज चढवून म्हणाले, "ह्या घरात आता तुझं कायपन न्हाय."

सीताबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "निदान हळद तरी उतरवू द्या पोराची!"

"हात लावाचा न्हाय त्याला," काळूराम म्हणाले, आणि तांब्या तिच्या हातातच राहिला.

ठाण्यात कुणालनं जबाब दिला: मी आपखुशीनं गेलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही. लगेच सागर पुढं झाला. "खोटं आहे, साहेब. पहिली रात्र मी त्याला कोंडला होता. मला आत टाका."

"फिर्यादी कुठाय?" मोकल खेकसले. "ज्याला कोंडलं तो नाही म्हणतो, ज्यानं कोंडलं तो हो म्हणतो! खोटं कबूल करणाऱ्या बापाला मी आत घातलं, आणि खरं कबूल करणाऱ्या मुलाला घालता येत नाही. तुला शिक्षा हवी ना? मग ही घे." त्यांनी लॉकअपची किल्ली त्याच्यापुढं टाकली. "बापाला तूच बाहेर काढ. आणि का केलंस ते तूच त्याला सांग."

सागर किल्ली घेऊन लॉकअपपाशी गेला. किल्ली दोनदा हुकली. दार उघडलं तरी चिंधू जागचा हलला नाही. सागर त्याच्यासमोर खाली बसला आणि बोलायला लागला. मोकलांना नीट ऐकू आलं नाही, ऐकायचंही नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र त्यांना दिसत होता. आधी त्याला काही समजलं नाही. मग समजलं. मग त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पैशापायी न्हाय ना केलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

"न्हाय, बा."

"मना वाटलं, पैशापायी केलंस. चार दिस त्येच खात हुतं मना." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "पर कोंडाचं नव्हतं पोराला. त्ये लई वंगाळ केलंस."

"हो, बा."

चिंधू बाहेर आला. दाराशी बाकावर कुणाल बसला होता, गळ्याला पिवळी हळद, कमरेला सुरी, जायला जागा नसलेला. चिंधू त्याच्यासमोर थांबला. मोकलांना वाटलं, आता हा शिव्या घालणार, आणि तेही रास्तच होतं.

"ह्याची हळद कुनी उतरवली न्हाय का अजून?" म्हातारा म्हणाला.

सागर बापाच्या मागोमाग बाहेर आला.

"हळद लागलेला पोरगा असा उघड्यावर बसवत्यात व्हय?" तो मुलावर डाफरला. "उठव त्याला. घरी चल. रंगूला सांग, पानी तापव म्हनावं."